पाहणाऱ्याचा वाटा

कॅमेरे, सेन्सर आणि प्रोजेक्टर यांच्या जोरावर प्रेक्षकाला प्रतिसाद देणारी इंटरॅक्टिव्ह मांडणशिल्पं मी आवर्जून पाहते. त्यांनी मला शिकवलेल्या या पाच गोष्टी.

१. चाल सावकाश ठेवा. ‘रँडम इंटरनॅशनल’ या कलावंत-गटाची ‘रेन रूम’ २०१८ पासून शारजात कायमची आहे. अंधाऱ्या दालनात छतातून पाऊस कोसळत असतो. कॅमेरे माणसाची जागा टिपतात आणि तेवढ्यापुरता पाऊस थांबतो. सावकाश चालणारा कोरडा राहतो, धावणारा भिजतो.

२. नुसतं उभं राहणंही कृतीच असते. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या २००७च्या ‘शॅडो ३’मध्ये आपली सावली पडद्यावर उमटते. वरून घरंगळत आलेल्या वस्तू तिला चिकटतात आणि ती हलली की सोबत हलतात. आपण काही केलं नाही तरी आपल्यावर साचत जातंच.

३. मिळून झेला. कॅमिल अटरबॅक आणि रोमी अचितुव यांच्या १९९९च्या ‘टेक्स्ट रेन’मध्ये कवितेतली अक्षरं पावसासारखी पडतात आणि पडद्यावरच्या आपल्या प्रतिमेच्या खांद्यांवर, पसरलेल्या हातांवर टेकतात. एकट्याच्या हातात एखादा शब्द येतो. दोघांनी मिळून कापड ताणून धरलं तर अख्खी ओळ हाती लागू शकते.

४. जागा सोडायला शिका. राफाएल लोझानो-हेमर यांच्या २००६च्या ‘पल्स रूम’मध्ये दांडी धरली की जवळचा बल्ब आपल्या हृदयाच्या ठोक्याने उघडझाप करू लागतो. हात काढला की आपला आणि आधी येऊन गेलेल्यांचे असे सगळे ठोके एकेक बल्ब पुढे सरकतात. नवा माणूस येतो, सर्वांत जुना ठोका बाहेर पडतो. आपला ठोका त्या खोलीत राहतो तो मागून येणारे त्याला बाहेर ढकलेपर्यंतच.

५. नियम कोणाचे, हे विचारा. कलाकृती पाहणाऱ्यामुळे पूर्ण होते, असं कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी १९५७मध्येच मांडलं होतं. पण आपल्याला किती वाटा द्यायचा, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. ‘टेक्स्ट रेन’च्या कॅमेऱ्याला फक्त उजेड आणि गडद आकार कळतात, आपला चेहरा, आपलं नाव त्याच्या लेखी नसतं. रस्त्यावरच्या, दुकानातल्या कॅमेऱ्यांचं तसं नाही.

म्हणून अशा दालनात शिराल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा. हात हलवा, थांबा, शेजारच्याला सोबत घ्या. आणि बाहेर पडल्यावर प्रत्येक कॅमेऱ्याला हाच प्रश्न विचारा: तू माझ्यातलं काय पाहतोस, आणि कोणासाठी?