गुण आणि ज्ञान

भौतिकशास्त्रात ७० आणि इतिहासात ७० गुण मिळाले, म्हणजे दोन्ही विषय सारखेच आले, असे आपण समजतो. परंतु प्रश्नपत्रिकाच निरनिराळ्या असताना नुसत्या गुणांची तुलना योग्य ठरत नाही.

प्रथम विषयाच्या मूळ संकल्पना ठरवाव्या लागतात. बल व गती यांविषयीची अशी चाचणी अमेरिकेत १९९२ साली, तर नैसर्गिक निवडीविषयीची २००२ साली प्रसिद्ध झाली. चाचणी शिकण्याआधी व नंतर घेतात. शंभरपैकी आधी ४०, नंतर ७० मिळाले, तर ६० गुणांच्या उणिवेपैकी निम्मी भरून निघाली.

रिचर्ड हेक यांनी १९९८ साली भौतिकशास्त्राच्या ६२ वर्गांचे निकाल असे तपासले. केवळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के, तर चर्चा-कृतीच्या वर्गांत ४८ टक्के उणीव भरली होती.

विद्यार्थी मित्रांनो, शेजाऱ्याच्या गुणांपेक्षा आपली कालची समज आजच्या समजेशी ताडून पाहावी, हेच आमचे सांगणे.