साडेसातीचे गणित आणि अंगणातील दुर्बीण

१९५६ साली नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्याला धम्माची दीक्षा दिली, तेव्हा जुन्या समजुतीही मागे पडावयास हव्या होत्या. तथापि लग्न ठरविताना पत्रिका पाहणारी, साडेसातीच्या धास्तीने शांतीवर पैसा खर्च करणारी घरे आजही आपल्यात आढळतात. ही भीती केवळ व्याख्यानांनी जात नाही. ज्या शनीला भ्यायचे, तो एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

त्यासाठी वेधशाळा लागत नाही. घराचे अंगण, दहापट मोठे दाखविणारी द्विनेत्री आणि साठ-सत्तर मिलिमीटर भिंगाची लहान दुर्बीण पुरेशी होते. दिवे मालवून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. डोळे अंधाराला सरावले की फिके तारेही दिसू लागतात. साध्या डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा भासणारा कृत्तिकांचा पुंजका द्विनेत्रीतून अनेक ताऱ्यांनी भरून जातो. दुर्बीण गुरूकडे वळविली की त्याच्या आजूबाजूला, जवळपास एका रेषेत, चार ठिपके दिसतात. कधी एखादा गुरूआड लपलेला असतो. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने रात्रीमागून रात्री त्यांच्या जागा टिपल्या आणि ते गुरूभोवती फिरतात हे ओळखले. सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते, या मताला त्यामुळे तडा गेला. पुढे पृथ्वी फिरते या मताचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ साली धर्मपीठाने त्याला शिक्षा केली. त्याचे उर्वरित आयुष्य नजरकैदेत गेले.

आता शनी. तो संध्याकाळच्या आकाशात असेल त्या दिवसांत, चाळीसपट वर्धनाने त्याचे कडे सहसा दिसते. सूर्यापासून सुमारे १४३ कोटी किलोमीटरवरील या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींनी भागले असता प्रत्येक राशीच्या वाट्याला अदमासे अडीच वर्षे येतात. तीन राशींची साडेसात. साडेसातीचा आकडा हा असा आहे. त्यात कोप नाही, केवळ संथ गती आहे. शिवाय बारापैकी तीन राशींना साडेसाती सदैव चालूच असते. म्हणजे जगातील सुमारे चौथा हिस्सा माणसे एकाच वेळी पीडित मानावी लागतील!

भगवान बुद्धांची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ग्रहनक्षत्रांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे हीन विद्यांमध्ये गणले आहे. नक्खत्त जातकात तर नक्षत्र अशुभ म्हणून वरपक्ष ठरल्या दिवशी जात नाही आणि वधूचे लग्न दुसऱ्याशी लागते. नुकसान ग्रहाने केले नाही, ग्रहावरील विश्वासाने केले.

धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात: या आणि पाहा. पालकांनी मुलांना, विशेषतः मुलींना, दुर्बिणीपाशी उभे करावे. सूर्याकडे मात्र ती कधीही रोखू नये. उद्या तिच्यासमोर कोणी पत्रिका उलगडली, तर शनी कसा दिसतो आणि साडेसात वर्षे कोठून आली, हे तिने त्याला शांतपणे सांगावे.