जक्कयचे झाड



ठेंगणा जक्कय येशूला पाहण्यासाठी यरीहोत ज्या झाडावर चढला (लूक १९:४), ते आपल्या उंबराचेच भाऊबंद. त्याच्या फांद्या खालूनच फुटतात, चढणे सोपे.

क्वचित भेटणाऱ्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. खरे तर उंबराला फुले शेकडो, पण फळाच्या पोटात! इवली केंबरे आत शिरून परागसिंचन करतात, तेव्हा बी धरते. पवित्र भूमीत हे काम करणारे केंबर नाही. तिथे ते झाड फांदी लावूनच वाढवतात. आपल्याकडे मात्र पाखरे, वटवाघळे बी पसरवतात आणि विहिरीकाठी उंबर आपोआप उगवतो.

न मागता मिळालेले हे दान. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी आठवू या: एक उंबर गेला, की पाखरांची पंगतच उठते.