होडीचा गिअर अडला तर

इसापूर धरणासारख्या मोठ्या पाण्यात वल्ह्यापेक्षा इंजिनाची होडी सोयीची. पण होडीला ब्रेक नसतो, बरं का! उलटा गिअर टाकूनच ती आवरते. गिअर अडला, तर माणसांसकट काठावर आदळेल.

दोष कसा शोधावा? होडी काठावर घेऊ. इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवू. पुढच्या दांड्यापासून मागच्या गिअरपर्यंत तार जाते. ती मागच्या टोकाला सोडू.

आता दांडा हलवू. जड लागला, तर तार बहुधा गंजली, नवी घालावी. हलका लागला, तर पंखा हाताने हळू फिरवत गिअरची पट्टी हलवू. ती अडली, तर दोष आत आहे, मिस्त्री बोलवावा. दोन्ही हलके, तर तारेचे माप जुळवावे.

जोर मात्र लावू नये. जोराने दाते मोडतात.