लक्षण एक, कारणे अनेक

वक्तृत्वस्पर्धेत एखाद्या विद्यार्थ्याचे नाव पुकारले जाते. तो व्यासपीठाकडे निघतो, तोच त्याचा घसा आवळल्यासारखा होतो आणि त्याला भोवळ येते. दुसरीकडे, रानात गेलेल्या एखाद्या मनुष्यास मधमाशी डसते. काही मिनिटांतच त्याचाही घसा आवळू लागतो व त्यालाही भोवळ येते. लक्षणे दोघांची सारखीच. परंतु पहिल्याला थोडा विसावा पुरेसा होतो, तर दुसऱ्याच्या प्राणांवरच बेतते. असे का व्हावे?

मन भयभीत झाले म्हणजे श्वासोच्छ्वास जलद होतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि भोवळ येते. गळ्याचे स्नायूही ताणले जातात. अशा वेळी शांत बसून सावकाश श्वास घेतल्यास बहुधा बरे वाटते. ही भोवळ म्हणजे सोंग नव्हे. म्हणून तिचा उपहास करू नये.

भोवळ येण्यास इतरही कारणे आहेत. दीर्घकाळ उपाशी राहणे, उन्हात घामावाटे पाणी व क्षार निघून जाणे, निजलेले असताना एकदम उठून उभे राहणे, ही त्यांपैकी काही होत. आपल्या आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. गिरक्या घेऊन थांबल्यावरही तो द्रव क्षणभर फिरतच राहतो. म्हणून जग फिरल्यासारखे वाटते.

मधमाशीच्या दंशाची गोष्ट मात्र निराळी. शार्ल रिशे व पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्प नावाच्या जलचराच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. पहिल्या मात्रेतून वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अल्प मात्रेने मरण पावला! या घटनेची माहिती त्यांनी 1902 मध्ये प्रसिद्ध केली. याच विषयावरील संशोधनासाठी रिशे यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच कधी कधी अतिरेक करते. मग दंश, शेंगदाणे किंवा एखादे औषधही काही जणांना घातक ठरते. अंगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, श्वास कोंडतो. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो. म्हणून भोवळ येते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता मोठ्यांस हाक मारावी आणि 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास चालवू नये. उताणे निजवून त्याचे पाय उंच ठेवावेत. श्वास घेणे जड जात असल्यास मात्र त्यास बसू द्यावे. अॅड्रिनलिनचे इंजेक्शन हा यावरील मुख्य उपाय होय.

एकट्या लक्षणावरून कारण ठरविता येत नाही. त्याच्या सोबतीला काय आहे आणि त्यापूर्वी काय घडले, हे पाहावे लागते. संशय असेल तेव्हा वैद्यकीय साहाय्य घेणे हेच शहाणपण. विनाकारण घाबरणारा आणि संकटाची टर उडविणारा, दोघेही सारखेच चुकतात.

स्वाध्याय

1. भयाने भोवळ का येते?
2. मधमाशी डसल्यावर कोणती लक्षणे धोक्याची समजावीत?
3. ‘प्राणांवर बेतणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.