शीर सापडत नाही तेव्हा



सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार सलाईन लागते, कधी रक्त. टोचून टोचून शिरा कडक होतात आणि मग नर्सबाईंना तीन-चार वेळा सुई घालावी लागते. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा आणि गडचिरोलीच्या माडिया गोंड समाजात हा आजार पुष्कळ आढळतो. अशा मुलाला ‘पोर्ट’ बसवायला पैसे द्यावेत का, हा प्रश्न मदत करणाऱ्यांपुढे येतो, म्हणून ही माहिती.

नेहमीची कॅन्युला आपण पाहिलेली असते. शिरोलीत वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना गेज समजावायला नको: आकडा वाढला की जाडी कमी. हिरवी 18, गुलाबी 20, निळी 22, पिवळी 24. मुलांना बहुधा निळी किंवा पिवळी घालतात. पिवळीतून रक्तही देता येते, फक्त सावकाश. हात कोमट कापडाने शेकला, थोडा वेळ खाली सोडून ठेवला, तर शीर वर येते. सोनोग्राफीवर पाहून सुई घालणारा हात मिळाला, तर पुष्कळदा पुढचे काही लागतच नाही.

दोन-चार आठवड्यांचे उपचार असतील तर मिडलाइन. ती दंडातून काखेपर्यंत जाते. शिरेला झोंबणारी तीव्र औषधे मात्र तिच्यातून देत नाहीत. पिक लाइनचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. ती महिनोन्‌महिने टिकते, पण दर आठवड्याला ड्रेसिंग बदलायचे, नळी धुवायची. पाड्यावर हे कोण करणार?

पोर्ट म्हणजे छातीच्या कातडीखाली शस्त्रक्रियेने बसवलेली छोटी डबी. तिला वेगळीच सुई लागते. वर्षानुवर्षे चालते, घरी ड्रेसिंग नको, आंघोळ करता येते. कर्करोगात तिचा मोठा उपयोग. सिकलसेलमध्ये मात्र नळीत रक्त गोठण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका अधिक. वापरात नसली तरी चार ते आठ आठवड्यांनी धुवावी लागते, आणि ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

माझे मत असे की, पोर्ट शेवटी. डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतले, तर दुखण्याचे झटके कमी होतात, म्हणजे सुयाही कमी. तरीही डॉक्टरांनी पोर्टच सांगितला, तर देणगी देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: तो धुवायला मूल कुठे जाणार, आणि दर वेळचे गाडीभाडे कोण देणार?