मराठीच्या पोटातील इंग्रजी : परदेशस्थ मराठी मुलांच्या द्विभाषिकतेचा एक पैलू

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाच्या भाषेचा प्रश्न आजवर बहुधा 'मराठी विरुद्ध इंग्रजी' अशा जोडीने मांडला गेला आहे. घरात मराठी, दाराबाहेर इंग्रजी. घर जितके सावध, तितकी मराठी टिकण्याची शक्यता अधिक, असे या मांडणीचे सार सांगता येईल. ती चुकीची नाही. परंतु घराचा उंबरठा हाच दोन भाषांमधला उंबरठा होय, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. मुंबई-पुण्याहून न्यू जर्सीस वा शिकागोस गेलेल्या कुटुंबाबरोबर केवळ मराठी जात नाही. तिच्या पोटात रुजलेली एक इंग्रजीही जाते. ही इंग्रजी घडणीने ब्रिटिश, उच्चाराने मराठी आणि वापराने भारतीय असते. मुलाला शाळेत भेटते ती अमेरिकन इंग्रजी. म्हणजे त्या घरात दोन भाषा नांदतात, पण त्यांपैकी एकीची दोन रूपे परस्परांशी भांडत असतात. या भांडणाची झळ मराठीला कशी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठीत इंग्रजी शब्द कोठून आले, हे येथे आठवणे अगत्याचे आहे. १८१८ नंतरचा राज्यकारभार, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली आगगाडी, १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, कोर्टकचेऱ्या, गिरण्या, इस्पितळे या वाटांनी हे शब्द आले. (इस्पितळ मात्र पोर्तुगीजांकडून आलेले.) स्टेशन, तिकीट, गार्ड, पास, फी, पेन्सिल, मोटार, फाइल हे शब्द मराठीने नुसते घेतले नाहीत, त्यांना लिंग दिले, वचन दिले, सामान्यरूप दिले. 'तिकिटावर', 'मोटारीत', 'फायली', 'पेन्सिली' ही रूपे इंग्रजी व्याकरणात बसणारी नव्हेत. 'नापास' या शब्दात तर फारसी उपसर्ग आणि इंग्रजी शब्द यांचा मराठी घरात झालेला संसार दिसतो. हे शब्द आज मराठीच आहेत; त्यांचे मूळ इंग्रजी असणे ही इतिहासाची बाब झाली.

महाराष्ट्रातील मुलाला या इतिहासाशी कर्तव्य नसते. परदेशातील मुलाला मात्र तो इतिहास रोज भेटतो, कारण ज्या भाषेतून हे शब्द आले तिचे एक वेगळे, जिवंत आणि प्रतिष्ठित रूप त्याच्या कानांवर दिवसभर पडत असते.

भाषासंपर्काच्या अभ्यासात स्थलांतरितांच्या भाषेवरील पायाभूत ग्रंथ म्हणून आयनार हाउगेन यांच्या अमेरिकेतील नॉर्वेजियन भाषेवरील १९५३ च्या ग्रंथाचा उल्लेख केला जातो. उरिएल वाइनराइख यांचा भाषासंपर्कावरील ग्रंथही त्याच वर्षीचा. हाउगेन यांनी अभ्यासलेल्या नॉर्वेजियन वसाहतकऱ्यांच्या भाषेत आलेले इंग्रजी शब्द मुख्यतः अमेरिकेतील शेजाऱ्यांकडून, शेतीच्या आणि बाजाराच्या व्यवहारातून आलेले होते. वडिलांनी उसना घेतलेला शब्द आणि मुलाने शाळेत ऐकलेला शब्द यांच्या उच्चारात अंतर असले तरी शब्द एकच होता. मराठी कुटुंबाची स्थिती याहून निराळी आहे. त्याचे भाषिक आदान स्थलांतरापूर्वीच, दीडशे वर्षे आधी, दुसऱ्याच सत्तेकडून होऊन गेलेले असते. हा फरक परदेशस्थ मराठीच्या चर्चेत फारसा लक्षात घेतला जात नाही.

उदाहरणे घरगुतीच आहेत. 'गॅस संपला' हे वाक्य मराठी आईच्या तोंडी स्वयंपाकघरातले असते. अमेरिकेत वाढलेले मूल ते ऐकताच मोटारीचा विचार करते, कारण तेथे पेट्रोलला गॅस म्हणतात. आईचे 'बिस्किट' मुलाच्या लेखी 'कुकी' असते, आणि 'बिस्किट' म्हणजे जेवणात खावयाचा मऊ पाव. रबर, टॉर्च, लिफ्ट, फूटपाथ, मोटारीची डिकी या प्रत्येक शब्दाला शाळेत दुसरा शब्द आहे. 'पहिला मजला' हा शब्द तर शुद्ध मराठी; पण त्याचा अर्थ तळमजल्याच्या वरचा मजला असा ब्रिटिश मोजणीप्रमाणे ठरलेला आहे. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला तोच पहिला. म्हणजे येथे इंग्रजी शब्द एकही नाही, तरी दोन इंग्रजींमधला भेद मराठी वाक्याच्या अर्थात शिरला आहे.

उच्चारांत हा संघर्ष अधिक सूक्ष्म होतो. 'क्लास', 'पास', 'ग्लास', 'हाफ' यांतील दीर्घ 'आ' हा दक्षिण इंग्लंडातील उच्चारास धरून आहे. अमेरिकन उच्चार 'क्लॅस', 'पॅस' असा. 'झेब्रा'चा 'झीब्रा' होतो, 'व्हिटॅमिन'चे 'व्हायटमिन', आणि वर्णमालेचे शेवटचे अक्षर 'झेड' न राहता 'झी' होते. 'तू पास झालास का?' हे पूर्णतः मराठी वाक्य आहे. पण त्यातील एक शब्द मुलाला चुकीचा वाटतो आणि ते तो दुरुस्त करते.

या दुरुस्तीतच प्रश्नाचे मर्म आहे. मूल आईची मराठी दुरुस्त करीत नसते. आईची इंग्रजी दुरुस्त करीत असते. परंतु 'पास', 'गॅस', 'क्लास' हे शब्द ज्या वाक्यांत येतात ती मराठी असल्यामुळे चुकीचा शिक्का त्या वाक्यांवरच बसतो. हळूहळू मराठी ही एक वेगळी, स्वयंपूर्ण व्यवस्था न वाटता सदोष इंग्रजी मिसळलेली घरची बोली वाटू लागते. मूल एखादी भाषा अवघड म्हणून सोडतेच असे नाही. ती हास्यास्पद वाटू लागली म्हणजे मात्र ते ती फार लवकर सोडते. पालकांच्या बाजूनेही याची दुसरी कडी जुळते. आपला उच्चार मुलापुढे उणा पडतो, अशी जाणीव झालेले वडील इंग्रजीत सावध होतात आणि मराठीतील इंग्रजी शब्दही अमेरिकन ढंगाने उच्चारू लागतात. त्यामुळे मराठी वाक्यात एक परका सूर उतरतो आणि ती मराठी ना येथील राहते ना तेथील होते.

यात एक गंमतही आहे. 'कॉलेज', 'डॉक्टर', 'ऑफिस' यांतील गोल ओठांचा स्वर दाखवण्यासाठी मराठी लिपीने स्वतंत्र चिन्ह स्वीकारले आणि सुशिक्षितांनी 'डाक्टर', 'कालेज' असे बोलणाऱ्या खेडूतास हसून घेतले. अमेरिकन इंग्रजीत या स्वराचे ओठ बहुधा गोल होत नाहीत. म्हणजे न्यू जर्सीतील नातवाचा 'डाक्टर' हा पणजीच्या 'डाक्टर'च्या जवळचा आणि मधल्या दोन पदवीधर पिढ्यांच्या 'डॉक्टर'पासून दूरचा. शुद्धाशुद्धाच्या कल्पना किती स्थानसापेक्ष असतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

मराठी माणसाच्या इंग्रजीचा व्यवस्था म्हणून विचार करण्याचा मार्ग मराठी भाषाविज्ञानाने फार पूर्वी दाखवून दिलेला आहे. अशोक केळकर यांनी १९५७ साली 'वर्ड' या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजीवर निबंध लिहिला. मराठी भाषकाचे इंग्रजी उच्चार म्हणजे स्वैर चुका नसून मराठीच्या स्वनव्यवस्थेतून नियमाने निष्पन्न होणारी रूपे होत, ही दृष्टी अशा अभ्यासातून मिळते. पुढे ब्रज काचरू यांनी १९८० च्या दशकात भारतीय इंग्रजीला स्वतंत्र रूप म्हणून मान्यता मिळावी यासाठी सातत्याने लेखन केले. ही चर्चा विद्यापीठीय वर्तुळात स्थिरावली. ज्या घरांना तिची खरी गरज होती, तेथे मात्र ती पोहोचली नाही. 'आपली इंग्रजी वाईट आहे' असे मानणारा पालक 'आपली इंग्रजी वेगळी आहे' असे मुलाला सांगू शकत नाही.

बालद्विभाषिकतेच्या संदर्भात पालकांना सर्वाधिक दिला जाणारा सल्ला 'एक व्यक्ती, एक भाषा' हा होय. त्याचे मूळ झ्यूल रोंझा यांच्या १९१३ च्या ग्रंथात आहे. वडील फ्रेंच, आई जर्मन. प्रत्येकाने मुलाशी आपापल्याच भाषेत बोलावे, असे तत्त्व त्यांनी मोरिस ग्रामों यांच्या सांगण्यावरून पाळले. वर्नर लेओपोल्ड यांनी अमेरिकेत आपल्या मुलीशी जर्मन आणि आईने इंग्रजी बोलण्याचा क्रम ठेवला व १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत त्याची नोंद प्रसिद्ध केली. मुलीची जर्मन मागे पडत चालली असता पाचव्या वर्षी जर्मनीत काही महिने राहिल्याने ती पुन्हा वर आली, ही त्यांची नोंद प्रसिद्धच आहे; सुटीत आजोळी जाण्याचे मोल तिच्यावरून कळते.

परंतु हे तत्त्व मराठी घराला जसेच्या तसे लागू करणे कठीण आहे. 'एक व्यक्ती, एक भाषा' असे म्हणताना त्या व्यक्तीपाशी वेगळी काढता येईल अशी एक भाषा आहे, असे मानलेले असते. नागर सुशिक्षित मराठी माणसापाशी ती तशी नसते. 'जरा टाइम बघ', 'तो ब्लू कलरचा बॉल आण', 'रूम क्लीन कर' हे बोलणारे आईवडील स्वतः मराठी बोलत असल्याच्या पूर्ण विश्वासात असतात, आणि महाराष्ट्रात तो विश्वास सार्थही असतो. परदेशात त्या वाक्यातून मुलाला मिळते काय? एक 'जरा', एक 'आण', एक 'चा'. नामे आणि विशेषणे सगळी शाळेच्या भाषेतली, तीही तिच्या दृष्टीने अशुद्ध. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यानंतर गेलेल्या पिढीच्या बोलण्यात वेळ, रंग, चेंडू, खोली हे शब्द सहज होते. १९९० नंतर संगणकक्षेत्रातून गेलेल्या पिढीच्या बोलण्यात ते तितके सहज उरले नसणे संभवते. तसे असेल तर ऱ्हासाची सुरुवात विमानतळावर नव्हे, पुण्याच्या दिवाणखान्यात झाली, असेच म्हणावे लागेल.

येथे भाषाशुद्धीच्या जुन्या वादाकडे नव्याने पाहता येते. सावरकरांनी व माधव जूलियनांनी परकीय शब्दांविरुद्ध मांडलेली भूमिका राष्ट्रीय वा सांस्कृतिक अभिमानाची होती, आणि तिच्यावर घेतले गेलेले आक्षेप बहुतांशी योग्यच होते; रुजलेला शब्द उपटून भाषा समृद्ध होत नाही. परदेशातील मुलापुरता मात्र देशी शब्दाचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे. 'चेंडू'ला इंग्रजीत दुरुस्त करता येत नाही. तो शब्द मराठीच्या अखत्यारीतला. त्याचा उच्चार, त्याचे लिंग, 'चेंडूला', 'चेंडूने' ही रूपे ठरवण्याचा अधिकार आईचा. त्यासाठी नवे शब्द घडवावे लागत नाहीत. घरात असलेले, पण वापरातून गेलेले शब्द परत काढले तरी पुरे. आणि 'नापास', 'तिकिटे' यांसारखे पक्के मुरलेले शब्द, ते मराठी आहेत असे मुलाला स्पष्ट सांगून, मराठी उच्चारानेच ठेवावेत.

अध्यापनाच्या दृष्टीने तर दोन उच्चारव्यवस्थांमधील भेद अडसर न राहता साधन होऊ शकतो. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला मराठी 'र' म्हणता येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ते इंग्रजीतला, जीभ टाळूला न टेकणारा 'र' मराठीत आणते. परंतु तेच मूल 'वॉटर', 'बटर' हे शब्द अमेरिकन पद्धतीने म्हणताना मधल्या 'ट'च्या जागी जिभेचा जो हलका आघात करते, तो मराठी 'र'च्या अगदी निकटचा आहे. ध्वनी त्याच्या तोंडात आहेच. फक्त तो दुसऱ्या अक्षराखाली नोंदलेला आहे. तीच गोष्ट 'प' आणि 'फ' यांची. इंग्रजीत शब्दारंभीचा 'प' श्वासयुक्त असल्याने मुलाचा 'पार' आपल्याला 'फार'कडे झुकल्यासारखा वाटतो. मात्र 'स्पून' या शब्दात 'स'नंतर येणारा 'प' अल्पप्राणच असतो. त्या शब्दातील 'स' मनातल्या मनात ठेवून पुढचे म्हणावयास लावले, की मराठी 'प' हाती लागतो. 'ताक' आणि 'टाक', 'वेल' आणि 'वेळ' यांना असा तयार आधार नाही; 'ळ' तर सरावानेच यावा लागतो.

'तू' आणि 'तुम्ही' यांतील भेद मुलाला इंग्रजीत कोठेच भेटत नाही, हे सर्वज्ञात आहे. दोन्ही इंग्रजींची याबाबत एकवाक्यता आहे, त्यामुळे येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

जोशुआ फिशमन यांनी १९९१ च्या ग्रंथात भाषापालट रोखण्याचा खरा कणा घर, शेजार आणि समाज यांतून होणारे पिढ्यांमधील संक्रमण हा मानला. शाळा व संस्था त्यानंतर. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. अनेक शहरांत मराठी शाळा स्वयंसेवेने चालवल्या जातात. या शाळांत वापरावयाच्या पुस्तकांचा विचार करताना प्रस्तुत मुद्दा उपयोगी पडावा. महाराष्ट्रातील मुलासाठी लिहिलेल्या पाठात 'पेट्रोल', 'लिफ्ट', 'फूटपाथ' हे शब्द विनाटीप येतात आणि शिक्षिका ते कठीण शब्द मानत नाही, कारण तिच्या मते ते इंग्रजी आहेत व मुलाला इंग्रजी येते. नेमके तेच शब्द मुलाला अडतात. शब्दार्थांच्या यादीत 'सरिता' आणि 'तरु' असतात, 'डिकी' नसते.

ब्रिटनमध्ये ही अडचण शब्दांपुरती बरीच कमी होते: पेट्रोल, लिफ्ट, टॉर्च, बिस्किट हे सारे तेथे त्याच अर्थाने आहेत. लंडनच्या मुलाला 'डॉक्टर'मधला स्वर ओळखीचा वाटतो, पण शेवटचा 'र' नवा. यावरून तेथे मराठी अधिक टिकते, असे अनुमान काढता येणार नाही; घर्षणाची जागा तेवढी बदलते. उलट, अमेरिकेतून आईवडिलांबरोबर पुण्यास परतलेल्या मुलाच्या वाट्याला हीच गोष्ट उलट क्रमाने येते. नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या कोशाने रूढ केलेले 'कलर'चे 'यू'विरहित स्पेलिंग येथील वहीत तांबड्या शाईने खोडले जाते, 'झी'ला वर्ग हसतो आणि 'पॅस'चा पुन्हा 'पास' होतो. आजवर ज्या उच्चारावरून ते आईला दुरुस्त करीत होते, त्याच उच्चारावरून आता वर्ग त्याला दुरुस्त करतो. आणि आईचा 'पास' या गावात सर्वांचाच आहे, हे त्याला प्रथमच कळते.